दत्तजयंतीचा मांडव

गेल्या दत्तजयंतीच्या कीर्तनात बुवांनी अनसूयेच्या दाराशी तिन्ही देव भिक्षेला उभे केले, तेव्हा मालनच्या खळ्यात माणसांपेक्षा चटया जास्त दिसत होत्या. पूर्वरंगाला घरापुढचं ते सारवलेलं खळं बऱ्यापैकी भरलं होतं. मग ऊन कललं, मांडवावरच्या झावळांच्या विरळ झापांमधून थेट माणसांच्या डोळ्यांत उतरलं आणि एकेक जण पदर सावरत, टोपी पुढे ओढत मागच्या मागे उठत गेला. कुणी पडवीत भिंतीला टेकला, कुणी फणसाखाली गेला. फणसाखाली गेलेला माणूस परत आलेला कुणी पाहिलेला नाही. तिथून वाट सरळ घराकडे जाते.

बुवा देवरुखचे. मालन लग्न होऊन या वाडीत आली तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. आता मिशाही पांढऱ्या आणि भुवयाही, पण आवाजाला धार तीच. माईक त्यांना चालत नसे. आख्यान सांगताना ते एका जागी उभे म्हणून राहत नसत. अनसूया झाले की पदर घ्यायचे, अत्रिऋषी झाले की डोळे मिटायचे. त्या दिवशी मात्र डोळे उन्हानेच मिटत होते. त्यांनी जन्म करवला, पाळणा म्हटला, सुंठवडा तोंडात टाकला आणि निघताना मालनला बाजूला घेऊन म्हणाले,

"मालनताई, रागावू नका. पुढल्या वर्षी देवळात करायचं का? सभामंडपावर आता स्लॅब पडलाय. माणसं शेवटपर्यंत बसतील तरी."

"एक वर्ष द्या, बुवा," मालन म्हणाली.

बुवांनी होकारार्थी मान हलवली. नाही म्हणायला त्यांनाही जड गेलं असणार.

हे कीर्तन मालनच्या सासऱ्यांनी सुरू केलं होतं. ते गेले, मग नवरा गेला, मुलगा ओमकार मुंबईला नोकरीला लागला, मुलगी रसिका लग्न होऊन रत्नागिरीत गेली. राहिली मालन आणि राहिलं कीर्तन. देवळात काय, देव असतोच. खळ्यात त्याला यावं लागतं, आणि तो येतो तो कीर्तनाच्या पायाने, अशी तिची समजूत. वर्षातून एकदा आपल्या दारी येणाऱ्याला 'यंदा देवळातच थांब' असं सांगायचं कसं, हा तिच्यापुढचा प्रश्न होता.

वाडीत मांडव तुळशीचं लग्न झालं की पडत. चार मेढी रोवायच्या, वर बांबू टाकायचे आणि त्यावर नारळाच्या झावळांचे विणलेले झाप अंथरायचे. दुसऱ्यांचे मांडव ज्याचे त्याने घालायचे. मालनच्या खळ्यातला मांडव मात्र कीर्तनाचा, म्हणून प्रत्येक घर आपापले झाप घेऊन यायचं. तसं कुणी ठरवून दिलं नव्हतं. जसं चालत आलं तसं चालत होतं. पण अलीकडे माडावर चढणारा माणूस मिळत नव्हता, तरणे हात मुंबईला आणि उरलेल्या हातांना सांधेदुखी. झाप दरवर्षी कमी होत गेले आणि गेल्या वर्षी तर मांडवाची पार चाळण झाली.

"आई, कायमचं करून टाकू," ओमकार फोनवर म्हणाला. "लोखंडी पाइप, वर जे काय हवं ते. तू फक्त पसंत कर. रसिकाला घेऊन जा."

म्हणून पाऊस सरल्यावर मालन रत्नागिरीच्या बाजारात एका मोठ्या दुकानात जाऊन उभी राहिली. दुकानदार उमदा माणूस होता.

"गच्चीसाठी बघताय की बागेसाठी?"

"खळ्यासाठी."

"म्हणजे पार्किंग."

"म्हणजे कीर्तन," मालन म्हणाली.

दुकानदाराने रसिकाकडे पाहिलं. रसिकाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

त्याने आधी पत्रा दाखवला. एकदा घातला की वर बघायला नको. मागचं त्याचं गोदामच पत्र्याचं होतं. मालन तिथे गेली, बरोबर मध्यावर उभी राहिली, दोन्ही हात जोडले आणि बुवा लावतात तसा वरचा सूर लावून तिने 'गुरुदेव दत्त' असा गजर केला. सूर पत्र्यावर आपटला आणि चार डबे एकदम पडल्यासारखा खाली आला. पोती उचलणारे दोघे हमाल थबकले.

"आई, लोक बघतायत," रसिका कुजबुजली.

"बघू देत. काय ऐकू आलं ते विचार त्यांना."

"काही कळलं नाही, पण मोठ्याने आलं," त्यातला एक हमाल आपणहून म्हणाला.

पत्रा बाद झाला. पारदर्शक रंगीत पत्र्याखाली मालन क्षणभर थांबली आणि म्हणाली, याच्याखाली आंब्याची अढी छान पिकेल. ताडपत्री तिने दोन्ही हातांनी झटकून पाहिली, ती फडफडली. "ही तर बुवांच्या आधी टाळ्या वाजवणार." मग दुकानदाराने बंगल्यांना लावतात ते भिंतीतून बाहेर येणारं पट्ट्यापट्ट्यांचं छत दाखवलं. दांडा फिरवला की बाहेर, उलटा फिरवला की आत.

"समुद्रावरच्या हॉटेलवाल्यांना मी हेच देतो."

"आणि वारा सुटला तर?"

"गुंडाळून ठेवायचं."

"आणि कीर्तन?"

दुकानदार हसला. "काकू, इतकी वर्षं दुकानात बसतोय. लोक येऊन ऊन किती लागेल ते विचारतात. आवाज कसा लागेल हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"ऊन आम्हाला लागतं हो. आवाज बुवांना लागतो. त्यांच्या वयाला आता भिंतीशी, पत्र्याशी भांडायला लावू नये."

शेवटी शेडनेटचे गठ्ठे निघाले. ही पन्नास टक्के, ही पंचाहत्तर, ही नव्वद.

"सावली टक्क्यांत?"

"आता सगळं टक्क्यांतच असतं, काकू."

"मग शंभर टक्के दाखवा."

"शंभर टक्के म्हणजे पत्रा."

मालनला हे पटलं. तिने हिरव्या जाळीचं टोक डोक्यावर घेऊन पाहिलं, तशी रसिका तोंडावर हात ठेवून हसायला लागली. आईचा चेहरा कोवळ्या कैरीसारखा दिसत होता. पाळण्यातला दत्तही असाच हिरवा दिसणार, म्हणून हिरवी गेली. काळी उदास वाटली. मग एक भुरकट, मातीच्या रंगाची निघाली, नव्वदातली. दुकानापुढच्या मोकळ्या जागेत दोघा हमालांनी ती वर धरली आणि मालनने खालून पुन्हा गजर केला. सूर वर गेला आणि जाळीतून निघूनही गेला, वाटेत त्याला काही भेटलंच नाही अशा तऱ्हेने.

"हीच," मालन म्हणाली.

पुढच्या आठवड्यात वेल्डर आला. ओमकारने फोनवरून त्याला उंची वाढवायला सांगितली. मे महिन्यात येईन तेव्हा गाडी आत घेता आली पाहिजे. त्यामुळे सांगाडा झाला तो चांगला उंच, ऐसपैस. जुन्या मांडवात शिरताना उंच माणसाला मान वाकवावी लागायची, आता उडी मारली तरी हात पोचत नव्हता. वर जाळी ताणून बसली. भर दुपारी मालन खाली उभी राहिली तर खळ्यात सगळीकडे सारखी, मऊ सावली पडलेली. तिला भरून आलं.

वाडीतले येऊन पाहून गेले. धोंडू दरवर्षी मेढी रोवायचा आणि झाप बांधायचा. त्याने पाइप दोन्ही हातांनी हलवून पाहिला.

"मजबूत हाय, वयनी."

"आता तुम्हाला त्रास नाही, भावजी. किती वर्षं केलंत. यंदा नुसते येऊन बसा."

"आता तर सुट्टीच झाली म्हना आमची."

शेजारची सुंदराबाईही म्हणाली, बरं झालं गो, माझी बोटं आता झावळं विणायला वळत नाहीत. सगळ्यांनी बरं झालं म्हटलं. मालन मनापासून बोलली होती आणि त्यांनीही मनापासून ऐकलं. वाईट बुद्धीने केलेली चूक निदान लवकर ध्यानात येते. चांगल्या मनाने केलेलीला वेळ लागतो.

ती ध्यानात आली मार्गशीर्षात, दत्तजयंती चार दिवसांवर आल्यावर. प्रसादाच्या शिऱ्यासाठी मोठा टोप मागायला मालन सुंदराबाईकडे गेली. सुंदराबाई ओट्यावर कुळीथ पाखडत होती.

"टोप ने गो. कसला कार्यक्रम?"

मालनला वाटलं, थट्टा करते आहे. "कसला म्हणजे? दत्तजयंती नाही का?"

सुंदराबाईचं सूप हातात थांबलं. "अगो बाई. ती आली होय? आम्ही तर त्या दिवशी संगमेश्वराला चाललोय. भाचीचा साखरपुडा हाय. गाडीसुद्धा ठरवली."

"सगळे?"

"सगळेच म्हन ना. धोंडू भावजी, त्यांची मानसं, वरची दोन घरं. सगळे एकाच गाडीतून." मग ती जरा ओशाळली. "माझ्या ध्यानातच नाय बग. दरवर्षी कसं, तुळशीचं लगीन झालं की झाप विनायला बसायचं. विनताना दिवस मोजायचे, आज इतके राहिले, उद्या तितके. ते तुझ्या खळ्यात नेऊन टाकले की मग त्या दिवशी कोन कुठं जातोय? यंदा झाप नाय, तर दिवस पन नाय आठवला."

"पण नुसतं बसायला यायचं होतं."

"ते खरं. पन आता तुमच्या घरचं झालं ना ते. म्हटलं, बोलावनं येईल तेव्हा बघू. बोलावनं आलं नाय."

सुंदराबाईने हे रागाने म्हटलं असतं तर मालनला बरं वाटलं असतं. राग काढता येतो, समजूत घालता येते. पण ती नुसतं जे होतं ते सांगत होती आणि सांगता सांगता कुळथातले खडे बाजूला करत होती. वाडीला बोलावणं करायचं असतं हे मालनला कधी माहीतच नव्हतं, कारण ते कधी करावंच लागलं नव्हतं. ती टोप घेऊन परत आली.

चार वाजले होते. खळ्यात येऊन ती बुवा उभे राहतात तिथे चौरंगाच्या जागी टेकली, आणि तिच्या डोळ्यांवर ऊन आलं. तिने वर पाहिलं. जाळी जागच्या जागी होती, नव्वद टक्के. पण हिवाळ्यातलं ऊन वरून येतंय कशाला? ते पश्चिमेकडून, आडव्या अंगाने येत होतं, ओमकारच्या गाडीसाठी सोडलेल्या त्या उंच मोकळ्या जागेतून सरळ खळ्यात शिरत होतं आणि पार पडवीच्या पायरीपर्यंत पोचत होतं. जुना मांडव बुटका होता, त्याच्या पश्चिमेच्या कडेला झाप गुडघ्यापर्यंत लोंबत असायचे. तिने सावली निवडली होती ती भर दुपारची. कीर्तन होतं दिवस कलताना.

तिने ओमकारला फोन केला.

"त्यात काय, आई. बाजूलाही जाळी लावून टाक. वरून खाली पडद्यासारखी. मी रसिकाला सांगतो, ती उद्या घेऊन येईल. बांधायला वेल्डरचा माणूस येईल."

"बरं," मालन म्हणाली.

अर्ध्या तासाने रसिकाचा फोन आला. तोच भुरकट रंग ना, लांबी किती, रुंदी किती. मालनने सांगितलं आणि फोन ठेवला. जाळी आली की ऊन थांबणार होतं. बुवांना त्रास होणार नव्हता, आवाज जाळीतून अलगद निघून जाणार होता. फक्त तो कुणाच्या कानावर पडणार, हे दुकानात विचारायचं राहून गेलं होतं. सबंध वाडी संगमेश्वराला. बुवा येणार, रिकाम्या चटया बघणार आणि काही न बोलता देवळाची वाट धरणार. आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नव्हतं. श्रोता नसला तर बुवा नुसता गवई उरतो.

ऊन उतरेपर्यंत ती तिथेच बसली. मग तिने रसिकाला फोन लावला.

"जाळी घेऊ नको."

"का?"

"झाप लावू."

"आई, तीन दिवस राहिलेत. कोण देणार झाप? तूच सुट्टी दिलीस ना सगळ्यांना? आणि नाही आले झाप तर? बुवांच्या तोंडावर ऊन आणि समोर कोणी नाही, दोन्ही होईल."

"होईल," मालन म्हणाली. "तरी घेऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घराघरातून फिरली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. कीर्तनाला या, असं म्हणायला गेली की शब्द तोंडात अडकत होते. ते लग्नपत्रिकेसारखं वाटत होतं. म्हणून ती एवढंच म्हणाली की पश्चिमेची बाजू उघडी राहिली आहे, तुमच्या घरचा झाप लागेल.

"जाळी हाय ना?" सुंदराबाई म्हणाली.

"जाळी वर आहे. ऊन बाजूने येतं."

"मंग बाजूला पन जाळी लाव की. तुझ्या ओमकारला काय कमी हाय?"

"नाही लावायची."

सुंदराबाईने पुन्हा सूप उचललं. "साखरपुड्याला तर जावं लागेल बाय. सख्खी भाची."

धोंडू आपल्या अंगणात कोयतीला धार लावत बसला होता. ऐकून त्याने कोयती बाजूला ठेवली नाही.

"वयनी, तुमी तर सुट्टी दिली होती आमाला."

"दिली होती. चुकलं माझं."

धोंडूने कोयती उलटी फिरवली. धार बोटाने तपासली आणि म्हणाला, "बगू."

या वाडीत 'बगू' म्हणजे होय नाही आणि नाही पण नाही. वरच्या दोन घरांनीही 'बगू' म्हटलं. मालन घरी आली, तिने रवा चाळायला घेतला.

दत्तजयंतीच्या सकाळी गाडी संगमेश्वराला गेली. तिच्यात कोण चढलं हे मालनने मुद्दाम पाहिलं नाही. ती गाभारा असल्यासारखं मनोभावे देवघर पुसत बसली. रसिका रत्नागिरीहून आली. तिने पाळणा सजवला, चटया अंथरल्या आणि आईला काही विचारलं नाही, यात तिचा शहाणपणा होता. तिसऱ्या प्रहरी बुवा आले. त्यांनी पाय धुतले, वर जाळीकडे पाहिलं, मग पश्चिमेकडे पाहिलं आणि उपरणं खांद्यावर नीट घेऊन पडवीत बसले. "चहा अर्धाच द्या," एवढंच म्हणाले.

मग पायवाटेवर काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला. धोंडू झाप ओढत येत होता. मागून वरच्या घरातली माणसं. झाप हिरवेगार होते, सकाळीच उतरवलेले. दोन तर विणायचेच राहिले होते, नुसती झावळं होती.

"गाडीत जागा नव्हती," धोंडू म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

खळ्यात एकच गडबड झाली. बायका फतकल मारून राहिलेली झावळं विणायला बसल्या. धोंडूने पाइपाला आडवा बांबू बांधला आणि त्याला झाप अडकवायला लागला. गोल पाइपावर सुंभ सरकत होतं, म्हणून तो पाइपाला मनसोक्त शिव्या देत होता, पण बुवा बसलेत म्हणून हळू आवाजात. एक झाप उलटा लागला. रसिकाने दाखवला, तर तो म्हणाला, उन्हाला काय, सुलट काय नि उलट काय. बुवा चहाचा कप हातात घेऊन पडवीतून हे सगळं बघत होते. चाराचं कीर्तन साडेचार वाजून गेले तरी उभं राहिलं नाही, आणि त्यांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

खळं गच्च भरलं असं म्हणता यायचं नाही. चटया काही मोकळ्या होत्याच. पण बुवांनी चिपळ्या वाजवल्या आणि पहिला गजर केला, तेव्हा पुढून मागून एकाच वेळी उत्तर आलं. पूर्वरंग झाला, बुक्का लावून झाला, बुवांच्या गळ्यात हार पडला. ऊन कललं. झापांच्या फटींतून त्याच्या पिवळ्या रेघा आत आल्या आणि माणसांच्या पाठींवर पडल्या. ज्याच्या डोळ्यांवर रेघ आली तो बाजूच्याला खेटून सरकला, बाजूचा त्याच्या पुढच्याला. असं करता करता सगळे मध्ये गोळा झाले. उठून कुणी गेलं नाही.

अनसूया देवांना आत बोलावते आहे, एवढ्यात सुंदराबाई आली. अंगावर साखरपुड्याची पैठणी, पायांवर रस्त्याची धूळ, आणि काखेत एक झाप. वाटेत घरी थांबून घेतलेला असणार. ती कुणाकडे न बघता पश्चिमेच्या कडेला गेली आणि धोंडूने बांधलेल्यांमध्ये जागा शोधू लागली. धोंडू उठला. दोघांची तिथे खुणेने, हातवाऱ्यांनी हुज्जत सुरू झाली. बुवा अनसूयेचा पदर डोक्यावर तसाच धरून थांबले.

"बांधा, बांधा," ते म्हणाले. "देव इतका वेळ दारात उभे आहेत, आणखी जरा राहतील."

सगळे हसले. झाप बांधला गेला. बुवांनी देवांची बाळं केली आणि सूर्य टेकता टेकता जन्म झाला. फुलं पडली, रसिकाने पाळण्याची दोरी ओढली, मग तिच्या हातातून ती सुंदराबाईने घेतली, मग आणखी कुणी. मालन सुंठवडा वाटत फिरली.

निघायच्या वेळी बुवा पायरीवर बसून वहाणा घालत होते. मालन जवळ उभी राहिली. देवळाचं काय ठरलं ते विचारायचं तिच्या मनात होतं, पण विचारावं की नाही हे ठरत नव्हतं. खळ्याच्या कडेला धोंडू आणि सुंदराबाईची हुज्जत आता उघड आवाजात चालली होती.

"पुढल्या वर्षी हा कोपरा माझ्या घराचा. मधे तुमचे लावा."

"कोपऱ्यात तुझा एक झाप पुरनार हाय काय? चार लागतात कोपऱ्याला."

"चार आनीन की. मी काय मेलेय?"

"आनताना सुके आन. हिरवे जड होतात, बांबू वाकतो."

बुवा वहाणेचा पट्टा लावायचा थांबून ऐकत होते. मग उठले, उपरणं झटकलं.

"मालनताई, पुढल्या वर्षी साडेतीनला उभे राहू," ते म्हणाले. "बांधाबांधीत वेळ जातो, आणि मला जन्म उजेडी करायचा असतो."

मालनने बरं म्हटलं आणि त्यांना द्यायचा नारळ आणायला आत गेली.